‘वय झालं’ म्हणण्याआधी आमच्या जेवणाबद्दल विचारा: फॅमिली डॉक्टरांना खुले पत्र

सन्माननीय डॉक्टर,

वयस्क माणसं तुमच्यासमोर जी तक्रार सर्वांत खालच्या आवाजात करतात, तिच्याविषयी हे पत्र आहे. गुडघा दुखतो हे आम्ही मोठ्यानं सांगतो. "हल्ली आठवत नाही हो" हे मात्र निघता निघता, दाराशी उभं राहून सांगतो, कारण उत्तराची भीती वाटते. उत्तर बहुधा दोनपैकी एक मिळतं. "वयोमानानं होतंच, मनावर घेऊ नका", नाहीतर चिठ्ठीच्या तळाशी आणखी एक गोळी, "मेंदूसाठी". दोन्हींनी विषय मिटतो. हा माणूस हल्ली काय खातो, किती खातो, एकटा खातो का, जेवणाआधी आणि नंतर कोणकोणत्या गोळ्या घेतो, हे विचारायचं राहूनच जातं.

मी डॉक्टर नाही. शाळेत जीवशास्त्र शिकवत होते, आता सत्तरी ओलांडली आहे. माझ्या वयाच्या बऱ्याच जणांबरोबर दवाखान्यांत बसले आहे, त्यांच्या फायली सांभाळल्या आहेत आणि निवृत्तीनंतर या विषयावर जमेल तेवढं वाचलं आहे. बाहेर बाकावर किती माणसं खोळंबलेली असतात आणि तुमच्या हाती एकेकासाठी किती थोडा वेळ असतो, ते मी पाहिलं आहे. तरीही माझं मागणं आहे. विसरण्याची तक्रार वयाच्या नावावर टाकण्याआधी जेवणाची आणि औषधांची चौकशी करा. आणि आहारानं काय होतं, काय होत नाही, ते आम्हाला खरं खरं सांगा.

वयानं मेंदू बदलतो, हे मला नाकारायचं नाही. विचारांची गती मंदावते, आणि ती साठीची वाट बघत नाही. तरुणपणीच हळूहळू उतरू लागलेली असते. एका वेळी चार गोष्टी डोक्यात धरून ठेवणं, बोलता बोलता दुसरं काम करणं, परवा कोण कुठे काय म्हणालं याचा तपशील आठवणं, हे अवघड होत जातं. नावं ओठांवर येऊन अडतात. नव्या आठवणी रुजवणारा हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग उतारवयात दरवर्षी साधारण १ ते २ टक्क्यांनी आकसतो. पण शब्दसंपत्ती, आयुष्यभर जमवलेलं ज्ञान, हातात बसलेली कौशल्यं ही साठीनंतरही बराच काळ टिकतात. रेमंड कॅटेल या मानसशास्त्रज्ञानं बुद्धीचे हे दोन प्रकार वेगळे काढले होते. नवं कोडं सोडवणारी प्रवाही बुद्धी लवकर ओसरते. अनुभवातून साठत गेलेली बुद्धी सहजी ओसरत नाही.

अमेरिकेत सिएटल इथे वॉर्नर शाय यांनी १९५६ साली प्रौढांच्या बुद्धीचा एक दीर्घ अभ्यास सुरू केला. त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तरुण आणि वृद्ध यांना एकाच वेळी तपासून तुलना केली, की वृद्ध खूपच मागे पडलेले दिसतात. पण दोघांचं शालेय शिक्षण, बालपणीचं पोषण, मिळालेले उपचार हे सगळंच वेगळं असतं, आणि तो फरक वयाच्या माथी मारला जातो. तीच माणसं दर काही वर्षांनी पुन्हा तपासत गेलं, की उतार बराच सौम्य निघतो. बहुतेक क्षमतांमध्ये तो ठळक व्हायला साठी उलटावी लागते, आणि माणसामाणसांत प्रचंड फरक असतो. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आमच्यावर अन्याय करते, असं मी अगदी अभ्यासाच्या आधारानं म्हणू शकते.

आणि म्हणूनच "होतंच" हे उत्तर धोक्याचं आहे. वयानं होणारा बदल संथ आणि सौम्य असेल, तर जो बदल झपाट्यानं झाला किंवा ज्यानं रोजचे व्यवहार अडले, तो वयाचा नव्हे. ओळखीच्या माणसाचं नाव उशिरा आठवणं वेगळं, आणि तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारूनही आपण आत्ताच विचारला होता हे न आठवणं वेगळं. चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वेगळं, आणि रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं किंवा वर्षानुवर्षं सांभाळलेले पैशाचे हिशेब अचानक न जमणं वेगळं. एक-दोन दिवसांत माणूस गोंधळला, असंबद्ध बोलू लागला, तर तो तातडीचा आजार असतो. जंतुसंसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, रक्तातलं सोडियम उतरणं, नवी सुरू झालेली गोळी, यांपैकी काहीही त्यामागे असू शकतं. तिथे "वय झालं" म्हणून घरी पाठवणं जिवावर बेतू शकतं.

आता जेवणाकडे येते.

म्हातारपणी जेवण कसं बदलत जातं, हे तरुण माणसाला सहज दिसत नाही. वास घेण्याची शक्ती कमी होते, तिच्याबरोबर चव जाते, आणि कालपर्यंत आवडणारं अन्न बेचव लागू लागतं. दात जातात, कवळी टोचते, म्हणून जे जे चावावं लागतं ते बाजूला पडतं आणि मऊ, पिठूळ, गोड तेवढं उरतं. फळं, भाज्या आणि प्रथिनं आमच्या ताटातून अशी नकळत नाहीशी होतात. तहानेची जाणीव मंदावते. शिवाय रात्री उठावं लागू नये, बाहेर पंचाईत होऊ नये म्हणून आम्ही मुद्दामच पाणी कमी पितो. पोट लवकर भरतं. जोडीदार गेल्यावर एकट्यासाठी रांधायचा उत्साह राहत नाही; जे हाताशी असेल ते उभ्याउभ्या खाल्लं जातं. यातलं काहीही आम्ही तुम्हाला सांगत नाही, कारण आम्हाला ती तक्रार वाटतच नाही. म्हणून तुम्हालाच विचारावं लागेल. "जेवण बरं आहे ना?" असं विचारलंत तर आम्ही "हो" म्हणू. "काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्लं?" असं विचारलंत तर खरं काय ते बाहेर येईल. विसरलो तर तेही तुम्हाला तिथेच दिसेल.

मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के असतं, आणि शरीराला लागणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी जवळजवळ २० टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो. इतक्या खर्चिक अवयवाची चौकशी ताटापासून सुरू होऊ नये, याचं मला खरोखर नवल वाटतं.

बी-१२ या जीवनसत्त्वाचं उदाहरण मी लांबवून सांगणार आहे. वय, जेवण, औषधं आणि स्मृती या चारही गोष्टी तिथे एकत्र येतात. तुम्हाला हे सगळं ठाऊक आहे. पण हे पत्र वाचणाऱ्या इतरांनाही कळावं असं वाटतं. बी-१२ निसर्गतः फक्त प्राणिज अन्नात असतं: मांस, मासे, अंडी, दूध. त्या अन्नातल्या प्रथिनांना ते चिकटलेलं असतं. ते सुटं करायला जठरातलं आम्ल आणि पेप्सिन हा पाचक रस लागतो. पुढे जठराच्याच पेशींनी बनवलेल्या ‘इंट्रिन्सिक फॅक्टर’ नावाच्या प्रथिनाला धरून ते लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात शोषलं जातं. उतारवयात अनेकांच्या जठराचं अस्तर झिजतं आणि आम्ल कमी होतं. त्यात आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतात. त्या उरलंसुरलं आम्लही दाबतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर त्यानंही शोषण घटतं. प्राणिज पदार्थ न खाणाऱ्याच्या पोटात मुळातच ते कमी गेलेलं असतं. यकृतात काही वर्षं पुरेल एवढा साठा असतो, म्हणून तूट सुरू झाली तरी लगेच काही जाणवत नाही. जाणवतं तेव्हा ती आम्लपित्ताची किंवा मधुमेहाची गोळी सुरू होऊन इतका काळ लोटलेला असतो, की दोन्हींचा संबंध कोणाच्या मनातही येत नाही.

मग हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो, माणूस चिडचिडा किंवा उदास होतो, विसरू लागतो. घरचे म्हणतात, वय झालं. रक्तक्षय नसला की बी-१२ चा विचार पुष्कळदा मागे पडतो. पण १९८८ साली जॉन लिंडनबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बी-१२ च्या कमतरतेमुळे मज्जासंस्थेचा किंवा मनाचा त्रास झालेल्या १४१ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, त्यांतल्या ४० जणांना ना रक्तक्षय होता, ना त्यांच्या लाल पेशी मोठ्या झालेल्या होत्या. म्हणजे हिमोग्लोबिनचा आकडा पाहून निर्धास्त होता येत नाही. नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारतं आणि मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते, ही आणखी एक फसवी बाजू. रिपोर्ट काठावरचा असेल तर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक ॲसिड, म्हणजे बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारी रसायनं, तपासून खुलासा करता येतो. हे वेळेवर कळलं तर सुधारणा होण्याची शक्यता चांगली असते. फार उशीर झाला तर काही हानी कायमची राहते. विसरण्याच्या किती थोड्या कारणांबद्दल असं म्हणता येतं! म्हणूनच ते हातचं सुटू नये, असं मला पोटतिडकीनं वाटतं.

ऑक्सफर्डमधल्या डेव्हिड स्मिथ यांच्या गटानं २०१० मध्ये दाखवलं, की स्मृती किंचित मंदावलेल्या वृद्धांना फॉलिक ॲसिड, बी-६ आणि बी-१२ मोठ्या मात्रेत दोन वर्षं दिली, तर मेंदू आकसण्याचा वेग कमी होतो, आणि ज्यांचं होमोसिस्टीन जास्त होतं त्यांना सर्वाधिक लाभ होतो. यावरून ज्याची पातळी उत्तम आहे त्यानंही या गोळ्या खाव्यात असा अर्थ निघत नाही. तूट असलेल्याला भरपाईनं फायदा होतो. तूट नसलेल्याला जास्तीचं देऊन स्मृती वाढत नाही. म्हणजे तपासूनच द्यायला हवं, सरसकट देऊन चालणार नाही.

दुसरं जीवनसत्त्व थायमिन, बी-१. मद्यपान, दीर्घकाळच्या उलट्या, उपासमार, वजन घटवण्यासाठी पोटावर केलेली शस्त्रक्रिया, यांतून त्याची तीव्र कमतरता झाली तर नवी आठवण तयार होण्याची क्षमताच जाते, आणि माणूस रिकाम्या जागा कल्पित हकिकतींनी भरू लागतो. सर्गेई कॉर्साकोव्ह या रशियन डॉक्टरांनी १८८७ मध्ये हे वर्णन करून ठेवलं. वृद्ध माणसाला दारूबद्दल विचारायला तुम्हाला संकोच वाटतो हे मी समजू शकते. तरी विचारा.

यापुढचं बोलायला अवघड आहे. आमची ताटं बऱ्याचदा दवाखान्यांतूनच रिकामी होतात. हृदयाचे डॉक्टर मीठ आणि चरबी कमी करायला सांगतात, मधुमेहाचे डॉक्टर साखर आणि पिष्टमय पदार्थ, मूत्रपिंडाचे डॉक्टर प्रथिनं. प्रत्येक सल्ला आपल्या जागी योग्यच असेल. पण सगळे एकाच माणसानं निष्ठेनं पाळले की त्याला खायला काही उरत नाही, आणि आमच्या पिढीतली माणसं डॉक्टरांचा शब्द फार निष्ठेनं पाळतात. मूत्रपिंडाचा गंभीर आजार नसेल तर वृद्धाला रोज वजनाच्या दर किलोमागे साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, असं वृद्धांच्या पोषणावर काम करणारे तज्ज्ञ सांगतात. अनेकांच्या पोटात त्याहून बरंच कमी जातं. मग स्नायू झिजतात, चालणं कमी होतं, घराबाहेर पडणं थांबतं, आणि बाहेरचं जग बंद झालं की बुद्धीला कामच राहत नाही.

मधुमेहाच्या बाबतीत तर ही बाब आणखी नाजूक आहे. भूक मेलेल्या माणसानं अर्धवट जेवून पूर्ण डोस घेतला की साखर उतरते. वृद्धाची उतरलेली साखर दरवेळी घाम आणि थरथर घेऊन येत नाही. कधी ती नुसत्या गोंधळासारखी, विसरल्यासारखी, पेंगुळल्यासारखी दिसते. साखर वारंवार धोकादायक पातळीपर्यंत उतरणाऱ्या वृद्धांमध्ये पुढे डिमेन्शिया, म्हणजे रोजचे व्यवहार अडवणारा स्मृतिभ्रंश, अधिक आढळतो, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. कागदावर साखरेचा आकडा सुंदर दिसतो म्हणून खुश होण्याआधी ती दिवसात कधी खाली जाते का, हे विचाराल ना? तीच गोष्ट लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि मीठ तोडणं यांची. सोडियम उतरलं की माणूस गोंधळतो, पडतो, आणि पुन्हा खापर वयावर फुटतं.

औषधांबद्दल आणखी एक. ॲलर्जीवरच्या काही जुन्या गोळ्या, लघवी आवरण्याच्या काही गोळ्या, झोपेची आणि नैराश्याची काही जुनी औषधं ॲसिटिलकोलिन या रसायनाचं काम अडवतात, आणि मेंदू आठवणींसाठी त्याच रसायनावर अवलंबून असतो. याच औषधांनी तोंड कोरडं पडतं, घास गिळवत नाही, बद्धकोष्ठता होते, म्हणून जेवणही कमी होतं. एकच गोळी दोन्ही वाटांनी घात करते. चिठ्ठीत भर घालण्याआधी वर्षातून एकदा तरी तिच्यातून काय काढता येईल ते पाहावं, ही विनंती.

आणि आमचं वजन करा, दर भेटीत. मध्यमवयातला लठ्ठपणा पुढे डिमेन्शियाचा धोका वाढवतो, हे खरं. पण सत्तरीनंतर प्रयत्न न करता घटणारं वजन कधी कधी डिमेन्शियाच्या निदानाच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असतं. "वजन उतरलं, छान झालं" हे कौतुक त्या वयात फार जपून करायचं असतं.

आता मूळ प्रश्न. चांगल्या आहारानं स्मृती वाचते का? आम्हाला या विषयावर रोज कोणी ना कोणी ठाम काहीतरी सांगत असतं. खरं उत्तर गुंतागुंतीचं आहे, पण नीट सांगितलं तर ते आम्हाला पेलतं.

शिकागोच्या रश विद्यापीठात मार्था क्लेअर मॉरिस यांनी पालेभाज्या, बेरीवर्गीय फळं, कडधान्यं, अख्खी धान्यं, सुकामेवा, मासे आणि ऑलिव्ह तेल यांवर भर देणारा ‘माइंड’ आहार मांडला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निरीक्षणात तो काटेकोर पाळणाऱ्यांमध्ये अल्झायमरचं, म्हणजे डिमेन्शियाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराचं, प्रमाण ५३ टक्क्यांनी कमी दिसलं. हा आकडा जगभर फिरला. त्यानंतर जे झालं ते मात्र फारसं कोणी सांगत नाही. त्याच आहाराची रीतसर चाचणी ६०४ जणांवर तीन वर्षं घेण्यात आली. एका गटाला माइंड आहार दिला, दुसऱ्याला नेहमीचाच आहार ठेवला, आणि दोन्ही गटांना थोडं कमी खायला सांगितलं. २०२३ मध्ये निकाल आला: दोन्ही गट थोडे सुधारले, आणि त्यांच्यात लक्षणीय फरक नव्हता. ब्रिटनमध्ये ‘व्हाइटहॉल’ अभ्यासात ८,००० हून अधिक सरकारी कर्मचाऱ्यांचा मध्यमवयातला आहार नोंदवून सुमारे २५ वर्षं त्यांचा मागोवा घेतला गेला. २०१९ च्या त्या अहवालातही आहाराचा दर्जा आणि पुढचा डिमेन्शिया यांच्यात संबंध आढळला नाही. दुसरीकडे स्पेनमधल्या एका चाचणीत भूमध्यसागरी आहाराला ऑलिव्ह तेलाची किंवा सुकामेव्याची जोड दिलेल्या वृद्धांची स्मृती आणि विचारशक्ती तुलनेच्या गटापेक्षा चांगली राहिली. तो अहवाल २०१५ चा.

मग खरं काय मानायचं? निरीक्षणांत एक अडचण कायम असते. चांगलं खाणारी माणसं बहुधा अधिक शिकलेली, अधिक चालणारी, बऱ्या परिस्थितीतली असतात. शिवाय स्मृती मंदावू लागलेला माणूस आधीच वाईट खाऊ लागलेला असतो, म्हणजे कारण आणि परिणाम उलटेही असू शकतात. चाचण्यांची अडचण वेगळी. अल्झायमरची प्रक्रिया लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षं आधी सुरू होते. दोन-तीन वर्षांच्या चाचणीत तिचा कितीसा अंदाज येणार?

मला सर्वांत विश्वासार्ह वाटतात ते अनेक गोष्टी एकत्र करून पाहणारे प्रयोग. फिनलंडमध्ये मिया किविपेल्टो यांच्या नेतृत्वाखाली ६० ते ७७ वयाच्या १,२६० जणांवर ‘फिंगर’ चाचणी झाली. आहार, व्यायाम, बुद्धीचे सराव आणि रक्तदाब-साखर-चरबीवर देखरेख, असं सगळं दोन वर्षं एकत्र. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात या गटाची बुद्धीच्या चाचण्यांतल्या एकूण गुणांतली सुधारणा केवळ सल्ला मिळालेल्या गटापेक्षा २५ टक्के अधिक होती. अमेरिकेत २,१११ जणांवर झालेल्या अशाच ‘पॉइंटर’ चाचणीचा निकाल २०२५ मध्ये आला, त्यातही नियमित मार्गदर्शन मिळालेला गट पुढे राहिला. फरक मोठा नव्हता, पण होता. एकेका पदार्थाला ‘मेंदूचं अन्न’ म्हणून डोक्यावर घेण्याला मात्र या कशातूनच आधार मिळत नाही.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या डिमेन्शिया आयोगानं २०२४ मध्ये टाळता किंवा सुधारता येण्याजोगे १४ घटक सांगितले, आणि ते सगळे हटवता आले तर जगातल्या डिमेन्शियाचे जवळजवळ ४५ टक्के रुग्ण टळतील किंवा लांबणीवर पडतील असा अंदाज दिला. त्या यादीत आहार स्वतंत्रपणे नाही. पण उच्च रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा, वाढलेलं एलडीएल कोलेस्टेरॉल आणि अतिमद्यपान आहे, आणि या पाचही गोष्टींचा आपल्या खाण्यापिण्याशी संबंध आहे. आहार मेंदूला वाचवतो तो बहुतांशी रक्तवाहिन्यांच्या वाटेनं, असं मी यातून समजते. ९,००० हून अधिक जणांवरच्या ‘स्प्रिंट माइंड’ चाचणीत वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवण्याचं लक्ष्य असलेल्या गटात सौम्य बोधनक्षीणता, म्हणजे डिमेन्शियाइतकी न वाढलेली स्मृती-विचारांची घट, १९ टक्क्यांनी कमी दिसली. डिमेन्शियातली घट मात्र निर्णायक नव्हती. म्हणून आमच्याबरोबर आलेल्या चाळिशी-पन्नाशीतल्या मुलाचं किंवा सुनेचंही बीपी जाता जाता मोजा. त्यांच्या सत्तरीतल्या स्मृतीचं खरं औषध त्या वयात द्यायचं असतं.

स्मृतिवर्धक म्हणून लिहून दिल्या जाणाऱ्या गोळ्यांबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण पुरावा स्पष्ट आहे. जिंको या झाडाच्या पानांच्या अर्काची चाचणी ७५ वर्षं आणि त्यापुढच्या ३,०६९ जणांवर झाली. २००८ च्या निकालात डिमेन्शिया कमी झाला नाही. २०१५ मध्ये सुमारे ४,००० वृद्धांवरच्या चाचणीत ओमेगा-३ या स्निग्धाम्लाच्या गोळ्यांनी स्मृती-विचारशक्तीत फरक पडला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत बी आणि ई जीवनसत्त्वं, ओमेगा-३ आणि मिश्र पूरकं डिमेन्शिया टाळण्यासाठी देऊ नयेत असं सांगितलं. त्यानंतर ‘कॉसमॉस’ या अमेरिकी चाचणीत रोजच्या मल्टिव्हिटॅमिननं वृद्धांच्या स्मृतीत थोडी सुधारणा दिसली, हेही नोंदवायला हवं. ती थोडीच होती, आणि तिच्या आधारावर महागडे डबे विकले जावेत असं त्यात काही नाही. एखादी गोळी लिहिताना "हिचा उपयोग सिद्ध झालेला नाही" एवढं वाक्य आम्हाला सांगत जा. त्या पैशांतून आम्ही पोटभर चांगलं जेवू.

ऐकू येत नसेल तर तेही स्मृतीच्या तक्रारीसारखंच दिसतं. जे नीट ऐकूच आलं नाही ते आठवणार कसं? कान आणि डोळे तपासून घ्या, एवढंच म्हणते.

स्मृतीची चाचणी घेताना शिक्षणाचा विचार करा. १९७५ पासून वापरात असलेली एमएमएसई असो किंवा २००५ ची मोका, कमी शाळा शिकलेल्या माणसाला तिथे गुण कमी पडतात, आणि खूप शिकलेला माणूस बिघाड सुरू होऊनही उत्तीर्ण होतो. आम्ही समोर बसलेलो असताना आमच्याबद्दल आमच्या मुलांशी बोलू नका. आमच्याशी बोला आणि मग, आमच्या संमतीनं, त्यांना विचारा. वृद्धांना परीक्षेआधी ‘वयानं स्मृती जाते’ याची आठवण करून दिली की ते खरोखर कमी आठवतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. तेव्हा तुमच्या पहिल्या वाक्याचा परिणाम तुमच्याच रिपोर्टवर होतो.

शेवटचं मागणं ज्यांचं निदान झालेलं आहे त्यांच्यासाठी. डिमेन्शिया वाढत जातो तसा माणूस जेवायचं विसरतो, जेवण समोर असून ओळखत नाही, घास तोंडात धरून बसतो. त्या टप्प्यावर आधीची पथ्यं त्याच्या कामाची राहत नाहीत. युरोपातल्या ‘एस्पेन’ या पोषणतज्ज्ञांच्या संस्थेच्या सूचनाही हेच सांगतात, की डिमेन्शियात आहारावर बंधनं घालणं टाळावं. त्याला गोड आवडत असेल तर गोड द्या, दिवसातून थोडं थोडं सहा वेळा द्या, कोणीतरी बरोबर बसून जेवा, हे तुम्ही सांगितलंत तर घरची माणसं ते अपराधी न वाटता करतील. आजार अगदी पुढे गेल्यावर नळीनं अन्न देण्याचा प्रश्न येतो. त्या टप्प्यावर नळीनं आयुष्य वाढत नाही, न्यूमोनिया टळत नाही आणि अंथरुणाला खिळून होणाऱ्या जखमाही कमी होत नाहीत. म्हणून हातानं, सावकाश, मिळेल तेवढंच भरवावं असं अमेरिकेतल्या वृद्धवैद्यक संस्थेनं २०१४ मध्ये सुचवलं आहे. हे घरच्यांना रुग्णालयात, घाईत, सही मागताना प्रथमच कळू नये. आजार सुरुवातीला असताना, ज्याचा तो प्रश्न आहे तो माणूस स्वतः बोलू शकत असताना, त्याला समोर बसवून विचारा. मला आज काही झालेलं नाही. तरी माझ्या पुढच्या भेटीला मी माझं म्हणणं लिहून, सही करून आणणार आहे. ते फाइलला लावून घ्या, आणि त्याच दिवशी माझं बी-१२ ही तपासा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका